स्टिअरिंग मागायला गेलो होतो

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेल्यांपैकी निदान सहा जणांनी तुला देवमाणूस म्हटलं. मी पंगतीत वाढत होतो. सहाव्यांदा कानावर आलं तेव्हा हातातलं कढीचं भांडं तिथंच आपटावं आणि ओरडावंसं वाटलं, की अहो, देव कसला, महाबिलंदर होता तो. ओरडलो नाही. मी कधीच ओरडत नाही. आपल्या घरात ओरडणं आप्पांकडे होतं, हसणं तुझ्याकडे आणि गप्प बसणं माझ्याकडे. ते काम मी पंचावन्न वर्षं चोख केलं.

जाताना मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक म्हणाले, "अरविंदराव, थोरल्या भावाबद्दल पानभर लिहून द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव. आणि एखादा हसरा फोटो." जन्म, शिक्षण, नोकरी त्यांना कुणीही सांगेल. हसरा फोटो वहिनींनी काढून ठेवलाय. राहिला स्वभाव. त्याबद्दलच मला तुझ्याशी भांडायचंय. पानभरात ते बसणार नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

परवा मी इस्माईलभाईंच्या गॅरेजात गेलो होतो, ढब्बीचं जुनं स्टिअरिंग मागायला. तिथं मला एक गोष्ट कळली, जी तू दोन वर्षं माझ्यापासून लपवलीस. तेव्हापासून डोकं फिरलंय. रडू येत नाही. लोक समजतात धक्का बसलाय. धक्काबिक्का काही नाही, राग आलाय. पण तुझ्यावर तोंड सोडायच्या आधी माझं सांगायला हवं, कारण चोरी आधी मी केली.

ज्यांना आपलं घर ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढब्बी म्हणजे आप्पांची गाडी. त्यांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता तिला लोक क्लासिक म्हणतात आणि सिग्नलला फोटो काढतात. गोल पाठ, पुढं पोट सुटल्यासारखं नाक आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आपले पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार घरात होती म्हणतात. ती कुठं गेली याच्या तीन कथा आहेत आणि तिन्ही सांगणारे गेले. तलवार गेली तरी खंडेनवमी यायची ती येतच राहिली, तेव्हा आप्पांनी गाडी पुजायला घेतली. त्या दिवशी सगळं बडोदं गाड्या धुतं, हार घालतं. पण आपल्याकडे कुंकू लागायचं ते बॉनेटला नाही, स्टिअरिंगला. "तलवार मुठीशी पुजतात," आप्पा म्हणायचे.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सीमोल्लंघन. घरातल्या कर्त्याने ढब्बी चालवत डभोई रस्त्यावरच्या जुन्या जकात नाक्यापलीकडे न्यायची, शेजारी बसणाऱ्याने नारळ मांडीवर धरायचा, पलीकडे उतरून फोडायचा, आपट्याची पानं घेऊन परत यायचं. नाका उठून जमाना झाला. शहर पुढं चालत गेलं, आपली सीमा मात्र तिथंच राहिली. म्हणून आपण सीमा ओलांडून भर वस्तीत, एका फरसाणवाल्याच्या दारात, फाफडा-जलेबीच्या रांगेतल्या लोकांना "जरा बाजूला, भाई" म्हणत नारळ फोडतो. फरसाणवाला दर वर्षी आतून ओरडतो, "आवी गया मराठी लोको! किलो बांधी दउं ने, काका?"

तो नारळ, दादा. आप्पा गेल्यावर चावी तुझ्याकडे आली आणि नारळ माझ्याकडे. सत्तावीस दसरे मी डावीकडे बसून मांडीवर नारळ धरला. माझं लग्न झालं, मला मुलगा झाला, मी ड्रॉइंग ऑफिसात हेल्परचा हेड झालो, माझी स्वतःची गाडी आली, ती मी अहमदाबादपर्यंत चालवायचो. पण दसऱ्याला ढब्बीत नारळच. तुझी लेक मीनल मला "आमचे नारळमंत्री" म्हणायची आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. सुरुवातीची काही वर्षं मी तुला विचारायचो, "या वर्षी मी चालवू?" तू हसून म्हणायचास, "पुढच्या वर्षी रे." पुढे मी विचारणं सोडलं. तुला वाटलं असेल, विषय मिटला.

का देत नव्हतास, ते मला ठाऊक होतं. तुलाही. आपण दोघांनी तो विषय जन्मभर काढला नाही. आज मी काढतो.

मी एकोणीस वर्षांचा होतो. आप्पांना न विचारता ढब्बी काढली आणि सयाजीगंजला हॉस्टेलच्या समोरून दोन फेऱ्या मारल्या. कशासाठी, ते सांगायला नको. तिसऱ्या फेरीला खिडकीकडे बघताना दिव्याच्या खांबावर गेलो. डावा मडगार्ड आत. घरी आलो तर तू फाटकात उभा. माझ्या तोंडाकडे बघितलंस, मडगार्डकडे बघितलंस आणि माझ्या हातातून चावी काढून घेतलीस. आप्पा बाहेर आले तेव्हा तू म्हणालास, "माझ्याकडून लागली." एवढंच. आप्पा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत, अठ्ठावीस वर्षांच्या, कमावत्या मुलाशी. वर्षभर तुला गाडीला हात लावू दिला नाही. मी रोज ठरवायचो की आज सांगू. रात्रीचं जेवण व्हायचं, आप्पा उठायचे, आणि तो दिवस जायचा.

लोक याला मोठेपणा म्हणतील. तेराव्याला हे कुणी ऐकलं असतं तर सातव्यांदा देवमाणूस झाला असतास. पण तुला एक विचारतो. मी मार खाल्ला असता, बोलणी खाल्ली असती, महिनाभर आप्पांकडे पाठ करून जेवलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू मला मोकळा होऊ दिलं नाहीस. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी माझी चूक काढून घेतलीस. आणि बदल्यात चावी ठेवून घेतलीस. चूकही तुझ्याकडे, चावीही तुझ्याकडे. माझ्याकडे नारळ.

हे बोललो असतो तर आपलं भांडण झालं असतं आणि दुपारपर्यंत मिटलंही असतं. नाही बोललो. मी वाट बघितली.

तुला पहिला झटका आला तेव्हा निवृत्त होऊन तुला वर्ष झालं होतं. डाव्या हाताची पकड गेली, जीभ आठवडाभर जड झाली, मग पुष्कळसं परत आलं. सहा महिन्यांनी डॉक्टर तुझ्या तोंडावर म्हणाले, "रिकाम्या रस्त्यावर थोडी थोडी चालवा, शेजारी कुणी असू दे." तुझा चेहरा मला आठवतो. घरी येताना रिक्षातच तू दसऱ्याचा बेत आखलास. त्याच संध्याकाळी वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "भावोजी, यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. रस्त्यात काही झालं तर? तुम्हीच काहीतरी करा."

आणि त्याच वर्षी पावसाळा सरताना ढब्बीच्या स्टिअरिंगने जीव सोडला. त्याला चिरा जुन्याच होत्या. तू त्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून चालवत होतास. आता एका बाजूचं कवच सुटून आतली सळई दिसायला लागली, तुझा तळहात कापला. तू मला म्हणालास, "अरू, तू डिझाइनवाला माणूस. इस्माईलकडे जा आणि तुझ्या पसंतीने एक स्टिअरिंग निवड." सत्तावीस वर्षांत ढब्बीच्या बाबतीत तू मला पहिल्यांदा काही निवडायला सांगितलंस.

इस्माईलभाईंनी तीन काढून ठेवली होती. एक आपल्यासारखंच, दुसऱ्या एका गाडीवरून उतरवलेलं, सतरा इंच, रंग उडालेलं पण धड. दुसऱ्याच्या मधल्या पट्ट्या वाकलेल्या, ते बादच. तिसरं लाकडी कडेचं, चौदा इंची, तीन पितळी पट्ट्यांचं, नुसतं बघत राहावं असं. मी टेप काढली आणि तिन्ही मोजली. मोजायची गरज नव्हती. आयुष्यभर मी कागदावर तरफाच काढल्या. चाक लहान केलं की वळवायला जोर जास्त लागतो, हे शाळेतलं पोरगं सांगेल. एका हाताची पकड अर्धी गेलेल्या माणसाला सतरा आणि चौदा यांत किती अंतर पडेल, ते मला तिथं उभ्याउभ्या कळलं.

इस्माईलभाईंनाही कळलं. ते म्हणाले, "साहेब, आ तो छोकराओनुं रमकडुं छे. मोटाभाईने भारे पडशे."

मी म्हणालो, "खेळणं तर खेळणं, दिसायला चांगलं आहे. हेच बसवा."

"पहेलां मोटाभाईने पूछी लो."

"त्यांनीच मला निवडायला सांगितलंय."

मग त्यांनी ते लाकडी चाक उचललं. बसण्यासाठी मधला तुकडा लेथवर काढावा लागणार होता, तो काढून आठ दिवसांत बसवतो म्हणाले. जुनं काय करू, विचारलं त्यांनी. मी म्हणालो, "टाकून द्या."

वहिनींसाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन वर्षं सांगत राहिलो. आज खरं सांगतो. वहिनींच्या काळजीचा मला आधार मिळाला, कारण नाही. वहिनींसाठीच करायचं असतं तर तुझ्यासमोर बसून सांगितलं असतं की दादा, नको चालवूस, वहिनी घाबरतात. तू चिडला असतास, ऐकलंही असतंस. मला ते नको होतं. मला ती जागा हवी होती, आणि तू ती आपल्या तोंडाने सोडायला हवी होती.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी ढब्बी घरी आली. तू बसलास. नव्या स्टिअरिंगवर हात फिरवलास. मग उजव्या हाताची वीत त्याच्यावर आडवी ठेवलीस, उचललीस, पुन्हा ठेवलीस. मला वाटलं कुरवाळतोयस. "फाकडू आहे," म्हणालास. गल्लीतून सरळ नेलीस. देवळाशी वळायला गेलास आणि डावा हात सुटला. पुन्हा. तिसऱ्या वेळी गाडी निम्मी वळून थांबली. मागून स्कूटरवाला हॉर्न मारत होता. तू गाडी बंद केलीस, समोर बघत म्हणालास, "अरू, हात गेले रे माझे."

मग उतरलास, बॉनेटला हात टेकत पुढून फिरून डावीकडे आलास आणि म्हणालास, "हो तिकडं. तू चालव."

मला आनंद झाला, दादा. हे शब्द लिहायला मला दोन दिवस लागलेत. वाईटही वाटलं, पण ते मागून आलं. आधी आनंद झाला. मी उजवीकडे बसलो, आरसा माझ्या उंचीला लावला. गॅलरीतून बघणाऱ्या वहिनींनी देवाला हात जोडले.

त्या दसऱ्याला तू नारळ धरलास. पुढच्याही. मी चालवत होतो, पण मला रस्ता धड दिसत नव्हता, कारण डोळ्यांच्या कडेला तुझे हात दिसत होते. मी वळण घेतलं की तुझ्या मांडीवरचा नारळ वळायचा. डावीकडे वळलो की डावीकडे. प्रतापनगरच्या फाटकापाशी वेग कमी केला की तुझा पाय खाली दाबला जायचा. चौतीस वर्षं ज्या रेल्वे वर्कशॉपात सायकलने गेलास त्याच्या भिंतीलगत आपण जात होतो आणि तू नारळ चालवत होतास. मला वाटलं, सवय आहे, बिचारा. बिचारा!

दुसऱ्या दिवशी मला खांदा हलवता येईना. त्या चौदा इंची चाकाने माझे धडधाकट खांदे उतरवले होते. तू चहा घेताना विचारलंस, "काय रे, खांदा का धरलायस?" मी म्हणालो, "काही नाही, झोपेत अवघडला." तू बशीत फुंकर मारत हसलास. ते हसणं मला तेव्हा कळलं नाही.

आता गॅरेजकडे येतो.

तेरावं झालं आणि मला त्या लाकडी चाकाकडे बघवेना. म्हटलं, जुनं कुठं भंगारात पडलं असेल तर शोधू, नाहीतर ते सतरा इंची तरी आणू. दोन वर्षांत मी त्या रस्त्याने फिरकलो नव्हतो. इस्माईलभाई गाडीखाली होते. मला बघून बाहेर आले, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, कानाच्या पाळीला हात लावला. मी म्हणालो, "इस्माईलभाई, जुनं स्टिअरिंग टाकून दिलंत का?"

हात पुसले, आत गेले आणि एक गाठोडं घेऊन आले. तुझा वर्कशॉपचा निळा शर्ट. आत आपलं स्टिअरिंग. सगळ्या चिरा भरलेल्या. सुटलेलं कवच नव्याने चढवून, घासून, रंग देऊन असं गुळगुळीत केलेलं की जोड बोटाला लागू नये. फक्त एका जागी खळगा तसाच ठेवलेला, आप्पांची अंगठी घासून पडलेला. तेवढा कुणीतरी मुद्दाम भरला नव्हता. कुणीतरी काय, दादा. एवढं नेटकं काम आपल्या घरात एकालाच यायचं.

"दर गुरुवारे आवता," इस्माईलभाई म्हणाले. "एक हाथे घसे. हुं कहुं, लावो, हुं करी दउं. ना पाडे." म्हणजे त्यांनाही तू हात लावू दिला नाहीस.

मी विचारलं, चाक मी मुद्दाम लहान निवडलं, हे दादाला कधी कळलं?

"पहेले ज दिवसे, साहेब. गाडी तमे घरे लई गया ने, बीजे दिवसे रिक्षा करीने आव्या. कहे, इस्माईल, चौदा इंच छे ने? में कह्युं, हा. मग हसले." इस्माईलभाई माझ्यासाठी मराठीवर आले. "लई हसले. म्हणे, माझ्या भावाला माझ्या जागेवर बसायला कारण पाहिजे होतं, त्याने बरोबर शोधलं. म्हणे, जुनं मला दे, मी दुरुस्त करतो. आणि अरूला काही सांगू नको. तो स्वतः मागायला आला तर त्याला दे. नाही आला तर राहू दे."

ती वीत! तू कुरवाळत नव्हतास, मोजत होतास. तुझी वीत नऊ इंच आहे, हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं. चौतीस वर्षं फिटर असलेल्या माणसाला मी लहान चाक लावून फसवलं, असं मी दोन वर्षं समजत होतो. इतका मूर्ख चोर बडोद्यात दुसरा नसेल. आणि "हात गेले रे माझे" हे वाक्य! ते वाक्य मला छातीवर दगडासारखं दोन वर्षं पुरलं. ते तू नाटकातल्यासारखं म्हणालास? समोर बघत, आवाज थोडा कापवत? की कळायच्या आधी खरंच वाटलं होतं क्षणभर? हे आता मला कोण सांगणार? इस्माईलभाईंना नाही ठाऊक. मी विचारलं.

मजा येत होती ना तुला? नारळ वळणावर फिरवताना? माझा खांदा धरलेला बघून बशीत हसताना? मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुला, की अरू, गाढवा, पकडलंय तुला? मी तुझ्या पायावर पडलो असतो, नाहीतर तुझ्याशी भांडलो असतो. सगळा मडगार्ड बाहेर आला असता. पण नाही. एकोणिसाव्या वर्षी केलंस तेच पुन्हा. आयुष्यात एकदा मी तुझ्याविरुद्ध काहीतरी केलं, वाईट, लबाड, पण माझं स्वतःचं. तेही तू माझ्या हातातून काढून घेतलंस आणि तुझं दान करून टाकलंस. मी तुझी जागा चोरली नाही म्हणे, तू दिलीस. माझं पापसुद्धा तू माझ्याकडे राहू दिलं नाहीस.

आणि वर वाट बघितलीस. एका हाताने चाक घासत, दर गुरुवारी, मी येईन म्हणून. असा राग येतो की वाटतं, तुला उठवून बसवावं आणि विचारावं, किती गुरुवार थांबणार होतास? आणि लगेच कळतं की हा प्रश्न तू मला विचारायचा आहेस.

इस्माईलभाईंनी तिथंच लाकडी चाक उतरवून आपलं बसवलं. नट आवळताना म्हणाले, "अंगठा बहार राखजो, साहेब." तूही हेच सांगायचास. चाक झटका देतं, अंगठा आत असला तर मोडतो. मी बाहेर पडलो. पहिल्या वळणाला हात घातला आणि गाडी वळली. जोर नाही, काही नाही. दोन वर्षं मी त्या चाकाशी झोंबत होतो, म्हणून मी सवयीने जास्त वळवलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबलो. मग नुसतं बघावं म्हणून उजव्या हाताने एकट्याने वळवून बघितलं. सहज. तीन बोटांत.

तू चालवू शकला असतास, दादा. दोन्ही दसरे. ढब्बी तुझ्या एका हातात डभोई रस्त्याला गेली असती.

मी तिथं किती वेळ बसलो ठाऊक नाही. एक वाहतूक पोलीस येऊन म्हणाला, "काका, गाडी बगडी गई छे?" मी म्हणालो, नाही, सुधारलीय.

घरी आल्यावर वहिनींना सगळं सांगितलं. मडगार्डपासून. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. शेवटी म्हणाल्या, "मी काहीतरी करा म्हटलं होतं, भावोजी. हे करा असं नव्हतं म्हटलं."

मग त्याच म्हणाल्या, "गुरुवारचे दत्ताला जाऊन येतो म्हणायचे. दोन वर्षं. येताना पेढा आणायचे प्रसादाचा. हाताला कसलातरी वास यायचा, मी समजायची अंगारा असेल." आणि ताट बाजूला ठेवून त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना गेला. "मेला पेढा कुठून आणत होते, ते विचारा हो त्या इस्माईलभाईंना."

तुझ्या लबाडीची ही एक बाजू मला परवडली. बाकीची नाही.

तुझे आभार मानायला हवेत, असं सगळे म्हणतील. मानतो. मी चाक टाकून द्या म्हणालो होतो, तू ते राखलंस. आप्पांचा खळगा राखलास. मी मागायला येईन, एवढा विश्वास ठेवलास. पण माफ करायचं, तर माणसासमोर बसून करायचं असतं. गॅरेजात शर्टात बांधून ठेवायचं नसतं.

म्हणून हे मी मंडळाच्या अंकाला देतोय. आपल्या सगळ्या नातेवाइकांच्या घरी तो जातो, ज्या सहा जणांनी तुला देवमाणूस म्हटलं त्यांच्याही. मडगार्ड माझा, चौदा इंच माझे. एकदा छापलं, की तू फाटकात उभा राहून "माझ्याकडून लागली" म्हणू शकत नाहीस.

दसऱ्याला अजून महिना आहे. वर्ष तुझं आहे, सण करायचा की नाही, यावर परवा बोलणं झालं. वहिनी म्हणाल्या, "गोडधोड नाही, तोरण नाही. पण गाडीला कसलं आलंय सुतक? ती निघेल." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून चावी काढून मीनलला दिली. तिने अंगणातच स्टिअरिंग फिरवून बघितलं आणि म्हणाली, "काका, हे तर लोणी आहे! तुम्ही दोघं एवढी वर्षं कशाला झोंबत होतात?"

मी तिला हा लेख वाचायला देणार आहे.

डावीकडे मी बसेन, नारळ घेऊन. सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. प्रतापनगरवरून डभोई रस्त्याला लागताना मीनल वळण घेईल, तेव्हा माझ्या मांडीवरचाही तो फिरायला लागला, तर मी धरून ठेवणार नाही. फिरू देईन.